नसीम, तुझ्या चुकांना कुणी हात लावायचा नाही

नसीम, तू गेल्यावर शाळेत पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला, तेव्हा माझ्या हातातले नकाशे खाली पडले.

मी सातवीवरचा भूगोलाचा तास संपवून येत होते. आठवीचं दार लोटलेलं होतं आणि आतून तू म्हणालीस, "हां, सगळ्यांनी इकडे बघायचं. खिडकीबाहेर काही नाहीये, मी बघून आलेय." तुझंच वाक्य, तुझ्याच चालीत. मी दार ढकललं. पडदे ओढून वर्ग काळोखा केला होता आणि समोरच्या मोठ्या स्क्रीनवर तू उभी होतीस. निळा कुर्ता, मागे सरकलेली ओढणी, हातात खडू. वर्गात शिक्षक कुणीच नव्हतं. मागच्या बाकावर दोन मुली रडत होत्या आणि तू त्यांच्याकडे न बघता चौरसाचं क्षेत्रफळ शिकवत होतीस.

मी ते बंद केलं. रिमोट सापडेना म्हणून सरळ वायर उपटली. तुला हे चाललं नसतं, ठाऊक आहे मला. "अगं, मशीनला बटण असतं. माणसाला झोपवतो तसं झोपवायचं त्याला," असं म्हणाली असतीस. पण मी उपटली, आणि वेळ आली तर पुन्हा उपटेन.

मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "कांबळे मॅडम, तात्पुरती सोय आहे हो. शेख मॅडमचे लॉकडाऊनमधले व्हिडिओ आहेत आपल्याकडे, अख्खा अभ्यासक्रम आहे. नवीन शिक्षक मिळेपर्यंत चालवून घेऊ." मी विचारलं, नवीन शिक्षक कधी मिळणार? त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवायला सुरुवात केली. आपल्या शाळेत पेपरवेट फिरायला लागला की काय समजायचं, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय, आणि तुझ्या जागी तुलाच कामाला लावलंय यांनी.

म्हणून हे लिहितेय. तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून नाही. ते फ्लेक्सवर छापून झालेत, 'तंत्रस्नेही शिक्षिका' म्हणून. तुझा फोटो, खाली हा शब्द, आणि त्याखाली शुभेच्छुक असावेत तशी संस्थेच्या सगळ्यांची नावं. तू तो फ्लेक्स बघितला असतास तर स्टाफरूममध्ये पोट धरून हसली असतीस.

चारचौघांत आपण शेख मॅडम आणि कांबळे मॅडम. स्टाफरूमचं दार लागलं की नसीम आणि सुजाता. आणि भांडण पेटलं की मी 'इतिहासजमा' आणि तू 'गॅरेजवाली'. मी इतिहास-भूगोल शिकवणार, तू गणित, आणि गणिताशिवाय शाळेत जे जे बंद पडेल ते. घंटा, पंखा, प्रोजेक्टर, शिपायाचा मोबाईल. तळेगावात तुझ्या अब्बांचं दुचाकींचं गॅरेज होतं. तू लहानपणी स्पॅनरने खेळलीस, मी खडूच्या तुकड्यांनी. आपल्या सगळ्या भांडणांचं मूळ मला तिथंच दिसतं.

आरतीच्या घरभेटीचा दिवस आठवतोय? शाळेजवळची तळवड्यातली खोली सोडून तिचे आईवडील नदीपलीकडे चाकणच्या बाजूला राहायला गेले होते, आणि पोरगी शाळेत यायची बंद झाली होती. तुझ्या स्कूटरवर आपण दोघी निघालो. तू हँडलला मोबाईल अडकवलेला. मी म्हटलं, कुणाला तरी विचारू. तू म्हणालीस, "फोनला सगळं माहितीये." तुझ्या फोनने आपल्याला एका कंपनीच्या ट्रक पार्किंगमध्ये नेऊन सोडलं. दोन्ही बाजूंना नव्याकोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर, मध्ये आपली स्कूटर. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "मॅडम, इंटरव्ह्यूला आलात का?" मग माझी पाळी. मी टपरीवरच्या चहावाल्याला विचारलं. त्याने इतक्या ठामपणे रस्ता सांगितला की आपण फिरून परत त्याच गेटवर! सिक्युरिटीवाला म्हणाला, "काय, झाला का इंटरव्ह्यू?"

तू स्कूटर थांबवून हसत सुटलीस. डोळे पुसत म्हणालीस, "फोन चुकला तर निदान म्हणतो तरी, मार्ग पुन्हा शोधत आहे. तुझा चहावाला म्हणाला का?"

पण आज सांगते, चहावाल्याने दुसऱ्या खेपेला टपरी बंद करून आपल्याला आरतीच्या दारापर्यंत सोडलं होतं. हे तू दर वेळी हा किस्सा सांगताना गाळायचीस. तुझ्या फोनने काय केलं? त्याची बॅटरी संपली होती.

आरती परत आली शाळेत. तू तिच्या आईला म्हणालीस, हिला मी रोज पुलाच्या अलीकडून घेऊन जाईन. आणि जोवर गाडी चालवू शकलीस तोवर नेलंस.

आता चुकांविषयी. बाहेरच्या कुणी हे वाचलं तर त्यांना कळायला हवं.

तुझ्या प्रत्येक तासाला फळ्यावर एक चूक असायची. मुद्दाम केलेली. कुठे, ते सांगायचं नाही. उदाहरण सोडवता सोडवता तू हळूच काहीतरी चुकीचं लिहायचीस, कमरेवर हात ठेवून विचारायचीस, "बरोबर?" आणि थांबायचीस. मुलांनी पकडलं तर ठीक. नाही पकडलं तर "ठीक आहे, पुढे जाऊ," म्हणून फळ्याकडे वळायचीस, आणि उत्तर भलतंच यायचं. मग पोरं मागे मागे जात चूक शोधायची. जो पकडेल त्याच्या हातात खडू. त्याने फळ्याशी यायचं आणि दुरुस्त करायचं. तुझ्या अब्बांच्या गॅरेजमध्ये ही पद्धत होती म्हणे. हाताखालच्या पोरांनी गाडी तयार केली की अब्बा एक नट गुपचूप ढिला करायचे आणि सांगायचे, शोधा. सापडेपर्यंत गाडी गिऱ्हाइकाला द्यायची नाही.

आणि आपली पोरं 'चूक' म्हणायची नाहीत. 'रिजेक्ट!' म्हणून ओरडायची. घरोघरी आई नाहीतर बाप कंपनीत, जेवताना बोलणं काय तर आज किती माल रिजेक्ट झाला. तो शब्द पोरांनी उचलला आणि तुझ्यावर फेकला. शेजारच्या वर्गात मी शांतपणे तह आणि लढाया शिकवत असायचे आणि भिंतीपलीकडून एकदम गिल्ला व्हायचा, रिजेक्ट, रिजेक्ट! माझ्या वर्गातली पोरं हेव्याने भिंतीकडे बघायची.

मला हे कधीच पटलं नाही. आजही पटलेलं नाही, तू गेलीस म्हणून मी पटवून घेणार नाही.

माझे बाबा कंपनीत हेल्पर होते. चौथी शिकलेले. संध्याकाळी वस्तीतल्या विहारात आम्हा पोरांची शिकवणी चालायची, तेव्हा ते दाराशी उभे राहून फळा वाचायचे, ओठ हलवत, एकेक अक्षर. मला म्हणायचे, "सुजे, बाकी जग आपल्याला काहीबी सांगतं. फळ्यावरचं तेवढं खरं असतं." त्या माणसाची मुलगी फळ्यावर जाणूनबुजून खोटं कसं लिहील? ज्यांच्या घरी उत्तर तपासायला कुणी नाही, त्यांच्या वहीत चुकीचं उतरलं तर ते कोण पुसणार? हे मी तुला किती वेळा विचारलं. तू म्हणायचीस, "म्हणून तर त्यांनाच पुसायला शिकवतेय."

मग तो चाकणच्या किल्ल्याचा प्रकार झाला. मी आठवीला किल्ल्यावर चार ओळी लिहून आणायला सांगितल्या. अर्ध्या वर्गाने फोनला विचारून एकच उत्तर आणलं, आणि त्यात किल्ला डोंगराच्या टोकावर! चाकणचा किल्ला, भर गावात, सपाटीवर! अर्धी पोरं त्याच्या शेजारून बसने येतात. मी विचारलं, अरे, तुम्ही रोज बघता ना? तर म्हणे, "पण मॅडम, फोनमध्ये तसंच आलंय."

मी स्टाफरूममध्ये येऊन तणतणले. मोबाईलच्या नावाने बोटं मोडली, तुझ्याही. तू डबा खात होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तू त्यांना फळ्याच्या पाया पडायला शिकवलंस. फळ्याच्या जागी फोन आला. सवय तीच आहे, सुजाता."

त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता घेतलीस आणि विषय संपला. पण उत्तर द्यायचं राहिलं. पोरांना कशावर तरी विश्वास ठेवता यायला हवा, एवढंच माझं म्हणणं होतं. कशावरच ठेवू नका असं शिकवून तर चालत नाही ना. तू यावर काय म्हणाली असतीस? काहीतरी म्हणालीच असतीस, आणि मला पुन्हा दोन दिवस अबोला धरावा लागला असता. धरला असता मी, आनंदाने.

लॉकडाऊनमध्ये तू व्हिडिओ केलेस. घराच्या गच्चीवर पत्र्याला काळा रंग मारून फळा केलास, मोबाईल पाण्याच्या टाकीला बांधलास. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. आम्ही बाकीचे अजून मोबाईल आडवा धरायचा की उभा यावर चर्चा करत होतो, तोवर तुझी आठवी पुढे निघून गेली होती. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी शेजारच्याचा फोन मागून देण्यातही तूच पुढे. हे मी मानते, आणि पहिल्यांदा मोठ्याने मानते. तू नसतीस तर त्या वर्षी निम्मी मुलं आपल्याला परत दिसली नसती.

पण त्या व्हिडिओंतही तू चुका ठेवल्यास! प्रत्येकात एक. मुलं चूक शोधून तुला व्हॉइस मेसेज पाठवायची, रिजेक्ट म्हणून. मग तू प्रत्येकाला उत्तर द्यायचीस. मी तुला फोन करून भांडले. म्हटलं, फळा पुसता येतो, व्हिडिओ राहतो. उद्या कुणी हे नुसतं बघेल आणि चुकीचं शिकेल. एडिट कर. तू म्हणालीस, "नुसतं बघायला मी केलंच नाहीये. शेजारी कुणीतरी पाहिजे." मी म्हटलं, हट्टी आहेस. तू म्हणालीस, "आहेच," आणि गच्चीवर पाऊस आला म्हणून फोन ठेवलास.

आता सगळे मला विचारतात, शेख मॅडमना आधीच कळलं होतं का हो? आपल्यामागे असं काही होईल म्हणून त्यांनी चुका ठेवल्या का? मला माहीत नाही. मी तुला विचारलं नाही. आणि तू गेलीस म्हणून मी तुला द्रष्टी वगैरे करणार नाही. तू हट्टी होतीस, गॅरेजवाली होतीस, तुला ढिला नट ठेवल्याशिवाय चैन पडत नव्हतं. मला तेवढं पुरे आहे.

तुझं आजारपण मी लिहिणार नाही. फक्त गेटवरची ती सकाळ. हजेरीच्या ॲपसमोर आपण रोज तोंड दाखवतो, तशी तू उभी राहिलीस. उपचारांनी चेहरा उतरलेला, डोळे खोल गेलेले. ॲप म्हणालं, चेहरा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा. तू चष्मा काढलास, पुन्हा घातलास, उजेडाकडे वळलीस. चेहरा जुळत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला तो फोन इंद्रायणीत भिरकावून द्यायचा होता. तू हसलीस. "त्याचं काही चुकलं नाही गं. आरशात मीसुद्धा पटकन ओळखत नाही." तेवढ्यात रस्त्याच्या त्या टोकावरून पोरांचा घोळका ओरडत आला, शेख मॅडम आल्या, शेख मॅडम आल्या! मी म्हटलं, बघ. तू म्हणालीस, "त्यांना माझी चाल माहितीये. याच्याकडे फक्त फोटो आहे." आणि दुपारी बसून नवा फोटो टाकलास. हा वाद मी जिंकले होते, असं मी आजही धरून चालते.

तू गेल्यावर मी तळेगावला गेले. तुझ्या अम्मी ओसरीवर बसल्या होत्या. रडून रडून आवाज बसलेला. माझा हात धरून त्यांनी एकच विचारलं, "बेटा, तिच्या पोरांना आता कोण शिकवतं?"

काय सांगू? तुमची नसीमच शिकवतेय, म्हणू? मी म्हटलं, बघतोय आम्ही. बाहेर येऊन तुझ्या बंद स्कूटरजवळ उभी राहिले आणि मला रडू यायच्या ऐवजी राग आला. अजून तो गेला नाही. जाऊ नये म्हणून मी काळजी घेतेय.

मग संस्थेच्या चेअरमन साहेबांना ती कल्पना सुचली. तुझी शोकसभा आणि 'स्मृती डिजिटल वर्गा'चं उद्घाटन, एकाच कार्यक्रमात. गणिताची जागा भरायचीच नाही. तुझे व्हिडिओ आठवीला कायमचे. मला बोलावून म्हणाले, "कांबळे मॅडम, तुमची मैत्रीण होती. बटण तुमच्याच हातून दाबू या." मी हो म्हटलं. आणि व्हिडिओ कुठला लावायचा ते मी निवडते, असंही म्हटलं. ते खूश झाले.

मी चौरसाचाच निवडला. होय, मुद्दाम.

हॉल भरलेला होता. पुढे पाहुणे, मागे पालक, बरेचसे शिफ्टवरून तसेच कंपनीच्या कपड्यांत आलेले, आणि मध्ये जमिनीवर तुझी आठवी. मी बटण दाबलं. तू आलीस. तू चौरस काढलास, त्याची बाजू दुप्पट केलीस आणि म्हणालीस, "बाजू दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळही दुप्पट. बरोबर?" कमरेवर हात ठेवलास आणि थांबलीस.

पुढच्या रांगेत चेअरमन साहेबांनी मान डोलावली.

आणि आरती ओरडली, "रिजेक्ट!" मग अख्खा वर्ग. रिजेक्ट, रिजेक्ट! कुणी जमिनीवर हात आपटत होतं, कुणी उभं राहून बोटं नाचवत होतं, मॅडम चौपट, चौपट होतं! पाहुणे घाबरले. चेअरमन साहेबांना वाटलं पोरं कार्यक्रमालाच रिजेक्ट म्हणतायत. ते मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "हे काय चाललंय? गप्प करा त्यांना."

तू स्क्रीनवर जराशी थांबलीस. हसलीस. म्हणालीस, "ठीक आहे, पुढे जाऊ." आणि फळ्याकडे वळलीस.

पोरांचा आवाज एकदम तुटला. हात वर होते ते तसेच राहिले. तू पाठमोरी लिहीत होतीस आणि कुणाला खडू देत नव्हतीस. नसीम, इतके दिवस त्यांना सांगितलं होतं, त्यांनी फुलं वाहिली होती, दोन मिनिटं उभी राहिली होती. पण तू गेलीस हे त्यांना तेव्हा कळलं. आरती माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, त्या ऐकंनात."

मी व्हिडिओ बंद केला. या वेळी बटणाने.

चेअरमन साहेब सावरले. माईक घेऊन म्हणाले, चूक राहिली असेल तर काढून टाकू, आजकाल एडिट करणं सोपं आहे. मी त्यांच्या हातातून माईक घेतला. ओढून घेतला असं काही जण म्हणतात. मी सांगितलं, "साहेब, तिच्या प्रत्येक व्हिडिओत एक चूक आहे. तिने ठेवलेली आहे. कुठे आहे ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. त्या शोधायच्या तर गणिताचा शिक्षक नेमावा लागेल. आणि नेमलाच, तर त्याला कॉम्प्युटरपुढे बसवण्यापेक्षा वर्गातच पाठवा ना. आणि मी इथे आहे तोवर तिच्या एकाही चुकीला कुणी हात लावायचा नाही."

मागे कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. आरतीची आई उभी राहिली. कंपनीचा निळा कोट अंगात, डोक्याला जाळी तशीच. म्हणाली, "सायेब, टीव्ही चांगलाच हाय, आमी न्हाई म्हणत न्हाई. पर पोरींनी इचारायचं कुणाला?"

साहेब म्हणाले, बघू. जाहिरात देऊ. बघू.

मला मेमो आला, समारंभात व्यत्यय आणल्याबद्दल. मी उत्तर दिलं, 'शिक्षक नेमा.' एवढंच. जाहिरात अजून आलेली नाही. मी रोज केबिनमध्ये जाऊन विचारते. पेपरवेट फिरतो, मी उभी राहते. तो थांबेपर्यंत हलत नाही. पालकांनीही यायला सुरुवात केलीय, पहिली शिफ्ट सुटली की दोघं-तिघं येतात आणि माझ्या शेजारी उभे राहतात. दमवून टाकू त्यांना. तू बघच.

तोवर तुझा तास मी घेते. माझा रिकामा तास असतो तेव्हा आठवीत जाते, पडदे सताड उघडते आणि तुझा व्हिडिओ लावते. तो रिमोट, जो तू मला दहा वेळा शिकवलास आणि मी दहा वेळा उलटा धरला, आता माझ्या हातात असतो. तू "बरोबर?" म्हणालीस की मी तुला थांबवते. मग पोरं भांडतात, शोधतात, फळ्याशी येतात. परवा बीजगणितात त्यांनी काहीतरी पकडलं, मला ओ की ठो कळलं नाही, तरी मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. अम्मींना फोन करून हे सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या. पण याने भागणार नाही, हे मला कळतं. पोरांनी कुठे अडलं म्हणून विचारलं तर मी सांगू शकत नाही. त्यांना गणित येणारं माणूस हवंय, आणि ते मी आणल्याशिवाय राहणार नाही.

आज सकाळी आठवीवर माझाच तास होता. भूगोल. नद्या.

मी फळ्यावर इंद्रायणी काढली. लोणावळा, तळेगाव, देहू, आपलं तळवडे, आळंदी. गावं सगळी जागच्या जागी. मग प्रवाहाचा बाण काढला, आळंदीकडून लोणावळ्याकडे. डोंगराकडे चढणारी नदी. इतक्या वर्षांत फळ्यावर मी जाणूनबुजून असं काही पहिल्यांदाच काढलं. हात कमरेवर ठेवून बघितला. मी विचारलं, "बरोबर?"

माझ्या तासाला कुणी कधी बोलतच नाही. उलट सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि वहीत तो बाण काढायला सुरुवात केली. उलटा बाण, ओळीने सगळ्यांच्या वह्यांत. नसीम, मला बाबा दिसले, दाराशी उभे, ओठ हलवणारे. माझा हात डस्टरकडे गेला. मी तो उचललासुद्धा. तू इतकी वर्षं रोज हे कसं सोसत होतीस, हे विचारायचं राहिलंच की गं.

मी डस्टर खाली ठेवला. म्हटलं, "ठीक आहे, पुढे जाऊ." आणि फळ्याकडे वळले, तुझ्यासारखीच. पाठ वर्गाकडे. भीमेचं नाव लिहायला घेतलं.

मागे बाक वाजला. आरतीचा आवाज आला, अगदी बारीक, ओरडल्यासारखा नाहीच. "मॅडम, मी रोज पुलावरून येते. पाणी आळंदीकडं जायलंय." ती थांबली. मग म्हणाली, "रिजेक्ट."

मी वळले, नसीम, आणि तिच्या हातात खडू दिला.